संरक्षण गुणांक

१२ जानेवारी २०४३. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे. चार ग्रे मात्रेचा किरणोत्सर्ग दिलेल्या एक हजार पेशींपैकी जिवंत: पाचशे बहात्तर.

भूपाल मगदूम यांनी मोजणी पुन्हा केली आणि आकडा तोच आला. किरण दिल्यानंतर जी पेशी जगते ती विभागत राहते आणि बाराव्या दिवसापर्यंत काचेच्या बशीवर टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका उमटवते; जी मरते ती काहीच उमटवत नाही. ठिपके मोजणे म्हणजे जगलेले मोजणे. शेजारच्या बशीत त्याच जातीच्या, तेवढीच मात्रा दिलेल्या, पण असंरक्षित पेशी होत्या. तिथे ठिपके होते एकशे शहाऐंशी.

मगदूम मिरजेतील एका कर्करोग रुग्णालयात वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ होते. किरणोपचाराच्या यंत्रातून ठरलेली मात्रा ठरलेल्या जागी पडते की नाही, आणि एक्स-रे किंवा सीटी स्कॅन काढताना रुग्णाच्या अंगात गरजेपेक्षा कणभरही जास्त किरणोत्सर्ग जात नाही ना, हे पाहणे त्यांचे काम. रोज सकाळी पहिला रुग्ण आत येण्यापूर्वी ते यंत्राखाली पाण्याची चौकोनी टाकी ठेवत, पाण्यात मापक बुडवत आणि मात्रा मोजत. या व्यवसायाची सुरुवातच त्या टाकीपासून होते, कारण किरणांच्या दृष्टीने मांस आणि पाणी यांत फारसा फरक नसतो. नव्या विद्यार्थ्यांना ते सांगत, "माणूस म्हणजे कातडीच्या पिशवीत भरलेलं पाणी. पाणी सगळीकडे सारखंच असतं. आपण त्याच्याच भरवशावर आहोत."

बशा पुण्याच्या एका जैवतंत्रज्ञान संस्थेने पाठवल्या होत्या. अचूक मात्रा देण्याबद्दल मगदूमांचे नाव होते, म्हणून त्या इतक्या लांब आल्या होत्या.

क्ष-किरण शरीरातून जाताना पाण्याचे रेणू फोडतात. त्यातून क्षणभर टिकणारे, पण अत्यंत आक्रमक तुकडे निर्माण होतात आणि ते जवळचा डीएनएचा धागा कापतात. बहुतेक काप पेशी स्वतः सांधते. एखादा चुकीचा सांधला जातो आणि वीस-तीस वर्षांनी त्यातून कर्करोग उभा राहतो. शेवाळात राहणारा, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा जलअस्वल नावाचा जीव माणसाच्या शेकडो पट मात्रा सहन करतो, कारण त्याच्या डीएनएभोवती ढगासारखे लपेटून राहणारे एक प्रथिन असते. संस्थेने त्या प्रथिनाची सुधारलेली आवृत्ती माणसाच्या पेशीत तयार करून दाखवली होती. तिला नाव दिले होते वेष्टक. एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवरून त्याचे जनुक एकदा शरीरात सोडले की प्रत्येक पेशी आपले वेष्टक आपण विणत राहणार होती. चार ग्रे मात्रा दिली, तरी वेष्टक असलेल्या पेशीवर परिणाम होई तो एक पूर्णांक सहा ग्रेइतकाच. या भागाकाराला संस्था संरक्षण गुणांक म्हणत असे. तो अडीच होता.

मगदूमांनी हा आकडा घरी नेला, कारण घरी सन्मती होती.

ती नऊ वर्षांची होती आणि तिचा पाठीचा कणा दोन ठिकाणी वाकलेला होता. तो सरळ राहावा म्हणून पाठीत दोन धातूच्या दांड्या बसवल्या होत्या; ती वाढेल तशा त्या लांबवाव्या लागत आणि दर वेळी एक्स-रे, कधी सीटी स्कॅन निघत असे. इतर बाप दाराच्या चौकटीवर मुलीच्या उंचीच्या खुणा करतात. मगदूम तिच्या छातीवरून गेलेल्या मात्रेची मनात बेरीज करत. त्या बेरजेतून पुढे काय होऊ शकते याची टक्केवारी त्यांना पाठ होती, आणि ती लहान असली तरी शून्य नव्हती.

त्यांची पत्नी सुव्रता मिरजेच्या दिवाणी न्यायालयात वकिली करत असे. मगदूमांनी रात्रीच्या जेवणाआधी तिला सर्व समजावून सांगितले: जलअस्वल, ढग, पाचशे बहात्तर. तिने मध्ये एकदाही अडवले नाही. अखेरीस एकच विचारले.

"आणि काढायचं झालं तर?"

"कवच काढायचं कशाला?"

"मी काय विचारलं आणि तुम्ही उत्तर कशाचं देताय?"

मगदूमांनी मान्य केले की ते काढता येत नाही. सुव्रता म्हणाली की जो करार मोडता येत नाही त्यावर ती अशिलाला सही करू देत नाही, आणि हे तर नऊ वर्षांचे अशील आहे. तिची मात्रा कमी करायची असेल तर यंत्र सुधारा. मुलगी सुधारू नका. यावर त्यांच्यात पुढचे वर्षभर अधूनमधून वाद होत राहिले. आवाज कधी चढला नाही. उत्तर कधी बदलले नाही.

२०४४ मध्ये मुलांवरील चाचण्यांना परवानगी मिळाली. मगदूम सन्मतीला कण्याच्या तपासणीसाठी म्हणून पुण्याला घेऊन गेले. दोन्ही पालकांची संमती आवश्यक होती. त्यांनी संस्थेच्या अधिकाऱ्यांना सांगितले की पत्नीची संमती आहे, फक्त तारखा पडल्यामुळे तिला येता आले नाही. नाव असलेल्या माणसाचा शब्द त्यांनी ग्राह्य धरला. मगदूमांनी आधी स्वतःचा दंड पुढे केला आणि ती सुई सन्मतीसमोर टोचून घेतली. मग तिला टोचले.

परतताना तिने गाडीत विचारले, "मम्मीला मी सांगू का तुम्ही सांगणार?"

"मी सांगेन," ते म्हणाले.

त्यांनी तीन महिन्यांनी सांगितले. सुव्रता त्या वेळी कोर्टाचा काळा कोट खुंटीला लावत होती. ती बराच वेळ कोटाची कॉलर सरळ करत राहिली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "यापुढे मला विचारायचं नाही. फक्त निकाल सांगायचा."

त्यानंतर ती घरात भांडली नाही की रुसली नाही. विरुद्ध बाजूच्या वकिलाशी ज्या सभ्यतेने बोलतात, त्या सभ्यतेने ती त्यांच्याशी बोलू लागली.

पुढची सहा वर्षे मगदूम बरोबर ठरत गेले. वेष्टकाला सर्वसाधारण मान्यता मिळाली. चार लाखांहून अधिक मुलांना ते टोचले गेले. पूर्वी डॉक्टर स्कॅन लिहिण्याआधी दोनदा विचार करत. आता साध्या डोकेदुखीला लिहू लागले, आणि रुग्णही चहा सांगावा तसा स्कॅन सांगू लागले. सन्मतीचा कणा सरळ झाला, दांड्या निघाल्या, ती सोळाव्या वर्षी दंडोबाच्या डोंगरावर मैत्रिणींच्या पुढे धापा न टाकता पोहोचली. मैत्रिणींना ती सांगे, "आमच्या पप्पांनी माझं वॉटरप्रूफिंग करून घेतलंय. टेरेसचं अजून बाकी आहे." सुव्रतालाही हसू येई, पण ती हसून झाल्यावर नवऱ्याकडे पाहत नसे.

२०५१ च्या उन्हाळ्यात सन्मतीला एकाचे दोन दिसू लागले. नाकाच्या मागे, कवटीच्या तळाशी गाठ होती. गाठीचा स्कॅनशी किंवा कवचाशी काही संबंध नव्हता. काही जणांना ती होते, तशी तिला झाली. जागा अशी की शस्त्रक्रियेची सुरी तिथे पोहोचत नाही. औषधांनी ती थोडी दबते. बरी करते ती किरणांची मात्रा, सत्तर ग्रे, पस्तीस बैठकांत विभागून. मगदूमांनी आयुष्यभर शेकडो लोकांना ती दिली होती आणि त्यातले बरेच जण पुढे पेढे घेऊन आले होते.

किरणोपचार विभागाच्या प्रमुख डॉ. शहनाज मुजावर यांनी निदान सांगितले आणि मग खुर्ची मगदूमांच्या जवळ ओढली. गाठ सन्मतीच्याच पेशींपासून बनली होती. म्हणजे गाठीलाही कवच होते.

मगदूमांना हे स्कॅन पाहताक्षणीच कळले होते, आणि उत्तरही त्यांनी शोधून ठेवले होते. कवच सर्वांना सारखे असेल, तर ते कुणालाच नसल्यासारखे आहे. निरोगी पेशी अडीचपट सहन करते, गाठही अडीचपट सहन करते. मात्रा अडीचपट करा, हिशेब पूर्वीच्या जागी येतो. प्रश्न फक्त आज गुणांक नेमका किती आहे एवढाच होता. त्यांनी सन्मतीचे रक्त तपासले: दोन पूर्णांक चार. खात्रीसाठी स्वतःचे तपासले: दोन पूर्णांक चार. दोन वेगळ्या शरीरांत, सात वर्षांनी, दशांश स्थळापर्यंत एकच आकडा. इतका नीट जुळणारा आकडा त्यांनी व्यवसायात क्वचितच पाहिला होता. सत्तर गुणिले दोन पूर्णांक चार: एकशे अडुसष्ट ग्रे.

डॉ. मुजावर म्हणाल्या, "सर, रक्त म्हणजे गाठ नव्हे. गाठीचा तुकडा पुण्याला पाठवू. पेशी वाढवून गुणांक काढायला त्यांना महिना लागेल."

"महिन्यात गाठ मेंदूच्या देठाला लागेल."

"लागेल कदाचित."

"जनुक तेच, प्रथिन तेच. एका टाकीतलं पाणी कुठल्या कोपऱ्यातून काढलं, त्यानं काय फरक पडतो?"

मुजावर त्यांच्याहून वयाने लहान होत्या आणि मात्रेचे गणित त्यांच्याकडूनच शिकल्या होत्या. त्यांनी एकशे अडुसष्ट ग्रेच्या आराखड्याला मान्यता दिली. गाठीचा तुकडा मात्र त्यांनी तरीही पुण्याला पाठवला, आणि सोबत घशाच्या निरोगी अस्तराचाही.

घरी सुव्रताने सात वर्षांत पहिल्यांदा निकालाआधी प्रश्न विचारला. एकशे अडुसष्ट आजवर किती जणांना दिले आहेत? मगदूमांनी सांगितले, एकालाही नाही. ती सन्मतीकडे वळली आणि तिला थांबायचे आहे का, असे विचारले. मुलगी सतरा वर्षांची होती. तिचे मत विचारण्याजोगे होते.

सन्मती एक डोळा मिटून बोलत असे, म्हणजे आई दोन दिसत नसे. "पप्पा, तुम्ही टाकीत मोजलंत?"

"तीन दिवस मोजतोय."

"मग झालं की. मम्मी, यांचं पाणी कधी चुकलंय का?"

यंत्राच्या संगणकाने इतकी मात्रा स्वीकारण्यास नकार दिला. ती मर्यादा भौतिकशास्त्रज्ञाच्या अधिकारात उठवता येते. मगदूमांनी ती उठवली.

दर बैठकीला चार पूर्णांक आठ ग्रे. पहिले आठ दिवस काही झाले नाही आणि मगदूमांनी ते चांगले चिन्ह मानले. दुसऱ्या आठवड्यात सन्मतीच्या तोंडातले अस्तर पांढरे पडून सुटू लागले. असे थोडेफार सर्वांना होते. तिसऱ्या आठवड्यात जबड्याची कातडी काळवंडून फाटली, गिळणे बंद झाले, नळीतून अन्न सुरू झाले. मगदूम रोज सकाळी टाकी ठेवत आणि मापक बुडवत. यंत्र एक टक्काही इकडेतिकडे नव्हते. डॉ. मुजावर यांनी दोनदा थांबण्याचे सुचवले. त्यांनी दोनदा सांगितले की बैठका तुटल्या तर गाठीला श्वास मिळतो. हे पाठ्यपुस्तकात आहे आणि ते खरेही आहे. सन्मतीचा आवाज गेला तेव्हा ती फोनवर टंकून बोलू लागली. एकदा तिने लिहिले, "वॉटरप्रूफिंगची गॅरंटी किती वर्षांची होती?" आणि बापाला हसायला लावले.

विसाव्या बैठकीनंतर पुण्याचा निष्कर्ष आला. डॉ. मुजावर यांनी मगदूमांना आपल्या खोलीत बोलावले आणि बसा म्हणाल्या. ते उभेच राहिले.

शरीराने परके जनुक सात वर्षांत ओळखले होते. घशाच्या अस्तरात, आणि लक्षणे पाहता कातडीत व मज्जातंतूंतही, पेशींनी त्याला हळूहळू कुलूप लावून गप्प बसवले होते. तिथला गुणांक उरला होता एक पूर्णांक एक, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. अस्थिमज्जेत कुलूप लागले नव्हते, म्हणून रक्तात तो जुनाच दिसत होता. गाठीची गोष्ट उलटी होती. कर्करोगाची पेशी आपल्या उपयोगाच्या जनुकाच्या प्रती काढत जाते, आणि या गाठीने वेष्टकाच्या कित्येक प्रती काढल्या होत्या. तिचा गुणांक दहा होता.

म्हणजे आतापर्यंत दिलेल्या शहाण्णव ग्रेपैकी गाठीला पोहोचले होते नऊ पूर्णांक सहा. बाकी सर्व सन्मतीला पोहोचले होते.

मगदूमांनी विचारले, "किती नमुने घेतले होते?"

"सर."

"एका नमुन्यावरून..."

"तीन," मुजावर म्हणाल्या. "तिन्ही जुळले. तुमच्या रक्तासारखेच जुळले."

उपचार त्या दिवशी थांबले. जळलेले मात्र थांबत नाही. किरणांनी मेलेली ऊती पुढे महिनोन्‌महिने झडत राहते. मेंदूचा खालचा भाग सुजला. सन्मतीची उजवी बाजू गेली, तेव्हा ती डाव्या अंगठ्याने टंकू लागली.

सुव्रताने कोर्टाची कामे सहकाऱ्यांकडे दिली आणि ती खाटेशेजारी राहू लागली. निष्कर्ष तिला मगदूमांनीच सांगितला. तिने ऐकून घेतला आणि म्हणाली की हे मुलीलाही सांगावे लागेल, आणि ते तुम्ही सांगायचे. मगदूम म्हणाले की अशा अवस्थेत आकडे सांगण्यात अर्थ नाही. थोडी आशा ठेवू द्यावी.

"पुण्याहून आल्यावर तुम्ही माझ्याशी तीन महिने गप्प राहिलात," सुव्रता म्हणाली. "आता पुरे. आकडे तर तुम्हाला सांगता येतात."

पण सन्मतीनेच विचारले. फोन तिने छातीवर टेकवला होता आणि बापाला वाचण्यासाठी वाकावे लागले. तिथे लिहिले होते, "गाठ किती कमी झाली?"

मगदूम म्हणाले, "अजिबात नाही."

मग तिने टंकले, "म्हणजे कवच चांगलं होतं."

त्यांनी ते वाक्य वाचून फोन उलटा ठेवला. सन्मतीने तो डाव्या हाताने पुन्हा सुलटा केला.

ती डिसेंबरात गेली. वेष्टक टोचणे थांबले नाही. एका रुग्णाच्या अनुभवावरून लाखो मुलांचे संरक्षण काढून घेणे अशास्त्रीय ठरेल, असे तज्ज्ञांच्या समितीने म्हटले, आणि मगदूम स्वतः समितीवर असते तर त्यांनीही हेच म्हटले असते. हे त्यांना जाणवले तेव्हा ते टाकीत पाणी भरत होते. टाकी भरून वाहू लागली तरी नळ त्यांनी बंद केला नाही. तंत्रज्ञाने येऊन केला.

जानेवारीत पुण्याहून एक विनंती आली. सन्मतीच्या गाठीच्या पेशी तिथे बशीत अजून जिवंत होत्या आणि उत्तम वाढत होत्या. दहा गुणांकाची मानवी पेशी आजवर कुणी पाहिली नव्हती. तिच्यापासून वेष्टकाची पुढची, चौपट प्रभावी आवृत्ती बनवता येणार होती. पेशी वापरण्यासाठी आई-वडील दोघांची संमती हवी होती, आणि या वेळी संस्थेने दोघांनाही समक्ष बोलावले होते.

मगदूमांना वाटले होते की सुव्रता नकार देईल. त्यांनी तशी आशाच धरली होती. तिने सर्व अटी वकिलाच्या बारकाईने वाचल्या.

"या वेळी मला विचारलं," ती संस्थेच्या अधिकाऱ्याला म्हणाली. "म्हणून देते. एक अट आहे. पहिली मोजणी मिरजेत व्हायची. यांच्या यंत्रावर. मोजणार हे."

अधिकाऱ्याला त्यात आक्षेप घेण्यासारखे काही दिसले नाही. मगदूमांचे मापन अचूक असते, हे संस्थेला माहीतच होते.

बशा थंड पेटीतून आल्या. मगदूमांनी सकाळी टाकी ठेवली, मापक बुडवला, मात्रा पडताळली. मग टाकी बाजूला करून तिच्या जागी बशी ठेवली आणि जड दार लावून बाहेर आले. जिथे सन्मतीचे डोके असे, नेमक्या त्याच बिंदूवर किरण पडले. काम मिनिटाभराचे होते. पेशी उबेच्या कपाटात गेल्या.

बाराव्या दिवशी ते मोजायला बसले. भिंगाखाली ठिपके सगळीकडे होते, दाट, गोल, तकतकीत. एकाचा काठ दुसऱ्याला भिडला होता, त्यामुळे मोजताना प्रत्येकावर पेनाने खूण करावी लागत होती. अर्ध्यावर त्यांचा हात थांबला. या बशीत जे वाढत होते ते तिचेच होते, आणि तिच्यातले एवढेच त्यांनी वाचवले होते. त्यांनी पुन्हा पहिल्या ठिपक्यापासून सुरुवात केली, कारण मध्येच थांबलेली मोजणी ग्राह्य धरत नाहीत.

दुपारी दार उघडले. सुव्रता कोर्टातून तशीच आली होती, काळ्या कोटात. ती आत आली नाही. उंबऱ्यावर उभी राहून तिने शेवटची खूण होईपर्यंत वाट पाहिली.

"निकाल?" ती म्हणाली.

मात्रा चार ग्रे. पेशी एक हजार. जिवंत: आठशे एक्क्याऐंशी.